लस असताना मोठ्यांची तपासणी कशाला?

प्रश्न : हेपॅटायटिस बीवर लस आहे. मग आफ्रिकेतल्या गरीब देशांनी खेड्यापाड्यांतल्या धडधाकट प्रौढांच्या तपासणीवर पैसा का घालवावा?

उत्तर : लस उपयोगी पडते ती संसर्गाआधी दिली तर. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियाने १९८६पासून टप्प्याटप्प्याने तान्ह्या बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि १९९०पर्यंत ती देशभर पोचली. त्याआधी जन्मलेल्या अनेकांच्या शरीरात विषाणू लहानपणीच शिरला होता. तो वर्षानुवर्षं गप्प असतो. ऐन कमावत्या वयात सिरॉसिस किंवा यकृताचा कॅन्सर झाला की मगच कळतं आणि तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरतं.

याच देशात २०११ ते २०१४ दरम्यान ‘प्रोलिफिका’ प्रकल्पाची पथकं गावोगाव गेली. तिशी ओलांडलेल्या सुमारे सहा हजार जणांचं थेंबभर रक्त जागीच तपासलं. ८.८ टक्के बाधित निघाले. त्यांतले पाचात चार पुढच्या तपासण्यांनाही आले. मात्र तेव्हाच्या निकषांनुसार औषधाची गरज होती ती या आलेल्यांपैकी जेमतेम ४.४ टक्क्यांना. म्हणजे औषध द्यावं असा एक माणूस सापडायला ढोबळमानाने सव्वातीनशे जण तपासायचे! तेव्हा तपासणीला माणशी साडेसात डॉलर पडत, टेनोफोव्हिर या औषधाच्या गोळ्यांना वर्षाला ४८ डॉलर. गोळीपेक्षा शोधच महाग.

तरीही २०१६मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाचवायला सुमारे ५४० डॉलर पडतात, साधारण गाम्बियाच्या तेव्हाच्या दरडोई वार्षिक उत्पन्नाइतके. आरोग्य-अर्थशास्त्राच्या तेव्हाच्या मोजपट्टीत हा खर्च किफायतशीर ठरला. गोळी रोग समूळ घालवत नाही, बहुधा जन्मभर घ्यावी लागते. पण विषाणूला दाबून ठेवते आणि घर चालवणाऱ्या माणसाची पुढची कित्येक वर्षं वाचवते.

अर्थात, किफायतशीर असलं म्हणून सरकारी तिजोरीत तेवढा पैसा असतोच असं नाही. काटकसर करायची तर ती शोधाच्या खर्चात. एचआयव्हीच्या किंवा गरोदरपणातल्या तपासणीसोबतच ही चाचणी केली, तर वेगळ्या पथकाचा खर्च टळतो. शिवाय २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपचाराचे निकष सैल केले आहेत. त्यामुळे तेवढ्याच चाचण्यांतून आता कितीतरी अधिक लोकांना औषध मिळू शकेल.