गोठा, कुलकुल आणि लहान हात

प्रश्न : आम्ही मूळचे वसईचे, नोकरीमुळे पुण्यात आहोत. मुलं तीन आणि सहा वर्षांची. फ्लॅटमध्ये त्यांना गावासारखा नाताळ कसा अनुभवता येईल?

उत्तर : गावचं सगळं पुण्यात उभं करायला जाऊ नका. मुलांना स्वतः करता येईल तेवढंच निवडा, पण ते दरवर्षी करा. सुरुवात येशूजन्माच्या देखाव्यापासून, म्हणजे गोठ्यापासून. डिसेंबरच्या मध्याला उथळ ताटलीत माती पसरून भिजवलेले गहू किंवा नाचणी पेरायला द्या. रोज पाणी शिंपडायचं काम धाकट्याचं. आठ-दहा दिवसांत उगवणारी कोवळी हिरवळ गोठ्याभोवती मांडता येते. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ तारखेच्या रात्रीच ठेवा. रिकाम्या गव्हाणीकडे पाहत वाट बघणं मुलांना फार आवडतं.

फराळात कुलकुल घ्या. मैदा, साखर, नारळाचं दूध यांच्या पिठाची बारकी गोळी नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, की रेघारेघांचा शिंपला तयार. वेडेवाकडे झाले तरी तेच तळा (तळताना मुलं लांब) आणि शेजाऱ्यांकडे ताटं मुलांच्याच हाती पाठवा.

मध्यरात्रीच्या मिस्साचा (चर्चमधल्या उपासनेचा) हट्ट नको. पेंगुळलेली मुलं रडवेली होतात. सकाळच्या मिस्साला न्या. आणि २६ तारखेलाच आवराआवर नको. बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. थोरल्याने त्या रोज थोड्या पुढे सरकवायच्या आणि ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोठ्यात पोहोचवायच्या.