बायोटेक घेण्याआधी त्यातला रोजचा दिवस बघा
नीटमध्ये मार्क कमी पडले की ‘मग बायोटेक घे’ असं अनेक घरांत ठरून जातं. जीन एडिटिंग, लसी, कॅन्सरवरची नवी औषधं हे ऐकून पालकांनाही धीर येतो. या क्षेत्रात माणसाचा दिवस कसा जातो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते निवड त्यावरच व्हायला हवी. पेशी वाढवण्याचं काम घ्या. हातमोज्यांवर ७० टक्के अल्कोहोल फवारायचं, लॅमिनार हूडमध्ये बसून फ्लास्कमधलं जुनं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, काढायचं, ताजं घालायचं, मायक्रोस्कोपखाली पेशी तळाला नीट चिकटल्यात का ते बघायचं आणि फ्लास्क ३७ अंशांवरच्या इन्क्युबेटरमध्ये परत ठेवायचा. मानवी पेशी दुप्पट व्हायला बहुधा एक दिवस किंवा जास्तच लागतो, ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल स्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. हाताची एक हलगर्जी, की जिवाणू आत शिरतात आणि सकाळी लालसर मीडियम गढूळ, पिवळं पडलेलं दिसतं. मग सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लस किंवा औषधाच्या कारखान्यात याला नोंदींची जोड असते: प्रत्येक पायरी बॅच रेकॉर्डमध्ये लिहायची, करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. निर्जंतुकतेच्या नेहमीच्या चाचणीत नमुना चौदा दिवस नजरेखाली ठेवावा लागतो. ही शिस्त आणि हे थांबणं ज्याला जमतं, तो इथे टिकतो.

‘एवढंच काम असेल तर डिग्री कशाला, ते यंत्रंही करतील,’ असं कुणी म्हणेल. पिपेटिंग यंत्रं करतातच. पण डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर चाचणीत डीएनए न घातलेल्या नळीतूनही डीएनएचा पट्टा (बँड) दिसला, तर घोटाळा पाण्यात आहे, प्रायमरमध्ये की पिपेटमध्ये, याचा माग विषय समजलेला माणूसच काढतो. दुसरा आक्षेप पगाराचा, आणि तो खरा आहे. नुसत्या बीएस्सीवर सुरुवात बेताचीच होते. संशोधनात स्वतःचा प्रकल्प चालवायचा तर एमएस्सी आणि पुढे पीएचडी लागते. ही वर्षं आणि हा खर्च घरानं आधीच हिशेबात धरावा, म्हणजे तिसऱ्या वर्षाला मुलावर राग निघत नाही. पण तेवढ्यासाठी हे क्षेत्र वाईट ठरत नाही. पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटसारखा लस उत्पादक आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. उत्पादन, गुणवत्ता तपासणी आणि संशोधन या तिन्ही वाटा महाराष्ट्रात आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं अनेक संशोधन संस्था विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा दाखवतात. फॉर्म भरण्याआधी मुलाला, मुलीला तिथे घेऊन जा, आणि काम करणाऱ्यांना एवढंच विचारायला सांगा: काल दिवसभर तुम्ही काय केलंत?