रामटेकच्या गडावरील एक भिंत

नागपूरच्या ईशान्येस रामटेकची टेकडी आहे. अंबाळा तलावाकडील पायऱ्या चढून आम्ही गडावर गेलो. तटबंदी व एकामागून एक लागणारे दरवाजे पाहताच हे देवस्थान दुर्गही होते, हे ध्यानी आले. अठराव्या शतकात नागपूरकर रघुजी भोसले यांनी राममंदिराचा जीर्णोद्धार केला. परंतु टेकडीचे माहात्म्य त्याहून फार प्राचीन आहे.

पाचव्या शतकात येथून जवळच, नंदिवर्धन म्हणजे आजचे नगरधन येथे, वाकाटकांची राजधानी होती. चंद्रगुप्त द्वितीयाची कन्या राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरिस्वामींच्या चरणांचा उल्लेख आहे. हा रामगिरी म्हणजेच रामटेक, असे विद्वान मानतात.

गडावरील केवल नरसिंह मंदिर त्याच काळचे. त्याच्या भिंतीवरील शिलालेख दीर्घकाळ गिलाव्याखाली दडलेला होता. किती पिढ्या दर्शन घेऊन परतल्या. अक्षरे कोणासही दिसली नाहीत! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिलावा निघाला आणि लेख उजेडात आला. परंतु त्यातील बरीच अक्षरे नष्ट झाली आहेत. ती आता कोणास वाचता येणार नाहीत.

आमच्यापैकी एकाने तटावर स्वतःचे नाव कोरण्यासाठी अणकुचीदार खडा उचलला होता. ही हकीकत ऐकताच त्याने तो मुकाट्याने खाली ठेवला. बालमित्रहो, जुन्या भिंती म्हणजे पूर्वजांच्या वह्याच होत. त्या वाचाव्या, त्यांवर आपण गिरवू नये.