गणित घेऊन पुढे काय?



एस.एस.एल.सी. झाली की पी.यू.सी.चे विषय ठरतात. "गणित घेऊन शेवटी मास्तरच ना?" असे काही पालक म्हणतात. मास्तर होणे कमी नाही, पण इतरही वाटा आहेत.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या खेड्यात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकून त्यांनी लंडनमध्ये संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. शेतातील फार लहान तुकडा कापून उत्पन्न मोजले तर कडेची रोपे आत धरली जातात व अंदाज फुगतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे ते रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्याकडे पीक विम्याची भरपाई ठरविताना भाताच्या पीक कापणी प्रयोगाचे आकडे धरले जातात. तुकडा चुकला तर शेतकऱ्याचे नुकसान होते.

आता संधी पाहू.

१) भारतीय सांख्यिकी सेवा : परीक्षा यू.पी.एस.सी. घेते. पदवीला संख्याशास्त्र हा विषय हवा. नुसते गणित चालत नाही.

२) कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी : पदवी कोणतीही असो, बारावीला गणितात ६० टक्के हवेत, किंवा पदवीला संख्याशास्त्र हवे.

३) ॲक्च्युअरी : विम्याचे हप्ते व जोखीम यांचा हिशेब करणारा तज्ज्ञ. परीक्षा अनेक व कठीण, चिकाटी लागते.

४) बँका, औषध व संगणक कंपन्या : यासाठी पदवीबरोबर संगणकाचे ज्ञान आवश्यक.

५) बी.एड. करून शिक्षक.

उच्च शिक्षणासाठी धारवाडला कर्नाटक विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे. बेंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रवेश परीक्षेद्वारे गणिताची पदवी घेता येते.

मराठी माध्यमाची मुले पुढे इंग्रजीला घाबरून गणित सोडतात. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली आहे. इंग्रजी शिकावीच लागते, पण ती हळूहळू येते. पी.यू.सी.ला सोडलेले गणित मात्र पुन्हा धरणे फार कठीण. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी, विशेषतः मुलींच्या पालकांनी, गणित शिक्षकांना एकदा अवश्य भेटावे, ही विनंती.

– मुख्याध्यापक