अणूच्या आत काय आहे, हे कळले कसे?



अणूची आकृती आपली मुले छान काढतात. मध्ये केंद्रक, भोवती वर्तुळे, वर्तुळांवर इलेक्ट्रॉनचे ठिपके. गुणही मिळतात. पण "हे कळले कसे?" असे विचारले की वर्ग गप्प होतो. म्हणून या अंकात आम्ही आकृती बाजूला ठेवून पुरावे मांडत आहोत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठीतल्या अणूला हिंदीत परमाणु म्हणतात आणि मराठीतल्या रेणूला अणु! कन्नडमध्येही तसेच आहे. सदलग्यातील आपला विद्यार्थी मराठीत शिकतो, भोवती कन्नड ऐकतो आणि पी.यू.सी.ला विज्ञान घेतले की इंग्रजीशी त्याची गाठ पडते. नुसते शब्द पाठ केलेले असतील तर तो तेथे अडखळतो. काही जण हुशार असूनही विज्ञान सोडून देतात. प्रयोग समजलेला असेल तर मात्र शब्द बदलले तरी समज बदलत नाही.

इलेक्ट्रॉन (१८९७) : जे. जे. थॉमसन यांनी हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत विजेचा मोठा दाब दिला. निघालेले किरण धन पट्टीकडे वळले, म्हणजे ते ऋणप्रभारित होते. नळीतला वायू बदलला, धातू बदलला, तरी कण तेच! म्हणजे हा कण सर्व अणूंत आहे.

केंद्रक (१९११) : रुदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक सरळ पार गेले. हजारोंतून एखादाच मागे फिरला. यावरून रुदरफर्ड यांनी ताडले, की अणू बहुतांशी पोकळ आहे आणि त्याचे जवळजवळ सर्व वस्तुमान मधल्या इवल्याशा धनप्रभारित केंद्रकात आहे. सोन्याच्या अणूचे केंद्रक जोंधळ्याच्या दाण्याएवढे मानले, तर सारा अणू सुमारे ८० मीटर रुंद होईल!

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन : १९१९ मध्ये रुदरफर्ड यांनी नायट्रोजनवर अल्फा कण आदळवून हायड्रोजनची केंद्रके बाहेर काढल्याचे जाहीर केले. तेच प्रोटॉन. १९३२ मध्ये चॅडविक यांनी बेरिलियममधून निघणारे प्रभारहीन किरण तपासले. ते मेणातून प्रोटॉन उडवत होते. तेवढा धक्का द्यायला साधारण प्रोटॉनएवढेच वस्तुमान हवे. तो न्यूट्रॉन.

आपल्या राज्यातील शोध (१९६५) : न्यूट्रिनो हा आणखी एक सूक्ष्म कण. अणुभट्टीतून निघणारे न्यूट्रिनो १९५६ मध्ये अमेरिकेत पकडले गेले होते. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो मात्र १९६५ मध्ये आपल्या कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत आणि जवळजवळ त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीत आढळले. कोलारला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका आणि डरहॅम विद्यापीठांच्या साथीने सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर उपकरणे मांडली होती. इतक्या खोल कशासाठी? आकाशातून म्युऑन नावाच्या कणांचा सतत वर्षाव होतो. खडक त्यांना अडवतो, न्यूट्रिनोला नाही. एखादाच न्यूट्रिनो खडकावर आदळतो आणि म्युऑन निर्माण करतो. वरून येणारा म्युऑन तेथे आडवा पोहोचू शकत नाही. म्हणून आडवी खूण दिसली, की ती न्यूट्रिनोची!

मुलींनी हेही लक्षात ठेवावे. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या प्रा. रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मूलकणांवर संशोधन केले आणि त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

स्वाध्याय
१. पत्र्यातून सर्वच अल्फा कण सरळ गेले असते, तर काय निष्कर्ष निघाला असता?
२. वहीत मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन रकाने आखून या लेखातील दहा शब्द लिहा.

पालकांनी मुलांना एखादा प्रयोग घरच्या भाषेत सांगायला लावावा. विश्वस्तांना विनंती, की वाचनालयात तिन्ही भाषांतील विज्ञानाची पुस्तके शेजारी शेजारी ठेवण्याची सोय व्हावी. दहावीनंतर भाषेच्या भीतीने एकही मूल विज्ञानापासून दूर जाऊ नये, एवढीच आमची इच्छा.