आधी वही भरू द्या, मग वाट ठरवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्धा, सेलू, आर्वी, हिंगणघाटकडचे पालक समुपदेशनाला येतात. त्यांच्यातल्या काहींची तक्रार ठरलेली असते: "पोरगी दिवसभर मोबाइलवर वाघाचे व्हिडिओ पाहते आणि म्हणते, जंगलातच काम करणार. यात पोटापाण्याचं काय?"

काळजी रास्त आहे. पण ही आवड खरी आहे की चार दिवसांची, हे त्याच मोबाइलवर वर्षभरात आणि जवळजवळ फुकटात तपासता येते. वाघ आवडणे ही या क्षेत्रातली पात्रता नाही. नियमित निरीक्षण करून ते लिहून ठेवण्याची सवय, ही पात्रता आहे.

पहिले तीन महिने: घराजवळचे जंगल

सुरुवात बोरपासून करा. सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पुढे बोर धरणाभोवती पसरलेले हे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या सर्वांत लहान गाभा क्षेत्रांपैकी एक. आपल्या वर्धा जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. राज्यात ती सहा आहेत आणि त्यांतले सर्वांत जुने ताडोबा १९५५ चे. मग अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प यांत फरक काय? हा पहिला स्वाध्याय. उत्तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे आणि कायदा इंटरनेटवर मोफत वाचता येतो.

देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संकेतस्थळावर देशभरातल्या संरक्षित क्षेत्रांची माहिती मिळते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचे व्याघ्रगणनेचे अहवालही खुले आहेत. महाराष्ट्रात २०१८ मध्ये अंदाजे ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. वाढलेले वाघ जातात कुठे? आता इस्रोचे 'भुवन' किंवा गुगल अर्थ उघडा. बोरचा हिरवा तुकडा, भोवतीची कपाशी-तुरीची शेते, समृद्धी महामार्गाची रेघ, सगळे एका नजरेत येते.

नकाशा समजला की २०१७ ची घटनाही समजते. ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक तरुण वाघीण रेडिओ कॉलर लावून बोरमध्ये सोडली गेली. ती तिथे थांबली नाही. शेतांतून, गावांजवळून शेकडो किलोमीटर फिरली. माणसांवरच्या हल्ल्यांमुळे भीती पसरली आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याच जिल्ह्यात कुंपणातल्या वीजप्रवाहाने तिचा जीव गेला. पिकाची नासाडी सोसणारा शेतकरी, घाबरलेले गाव, कॉलरचे संकेत वाचणारा अभ्यासक, रात्रभर मागावर असलेला वनरक्षक: वन्यजीव क्षेत्रातली नोकरी या सगळ्यांच्या मधोमध उभी असते. हे वाचूनही मुलीची ओढ टिकली, तर ती गांभीर्याने घ्या.

पुढचे नऊ महिने: रोजची नोंद

आता पाहणे कमी आणि नोंदवणे जास्त. 'मर्लिन' हे अॅप पक्ष्याच्या आवाजावरून आणि फोटोवरून ओळख सुचवते. 'ई-बर्ड'वर पाहिलेल्या पक्ष्यांची यादी भरता येते. झाडे, कीटक, सरपटणारे प्राणी यांसाठी 'आय-नॅचरलिस्ट' आहे. तिथे टाकलेल्या नोंदी जाणकार तपासतात, चूक दुरुस्त करतात. पावसाळ्यात सफारी बंद असते. तो काळ शेताच्या बांधावरची फुलपाखरे ओळखण्याचा.

यासाठी जिप्सीच्या भाड्याची गरज नाही. वर्धेकरांनी मतदान करून शहरपक्षी म्हणून निवडलेला नीलपंख रस्त्याकडेच्या तारेवर दिसतो. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो: ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ ला सलीम अली यांचा. वनाधिकारी असलेल्या चितमपल्लींचा 'पक्षिकोश' वर्षानुवर्षांच्या अशाच नोंदींवर उभा राहिला. अॅपसोबत कागदाची वहीही हवी: तारीख, वेळ, जागा, काय दिसले, काय कळले नाही.

एक पथ्य पाळा. वाघाची, घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. गर्दी होते आणि शिकाऱ्यालाही पत्ता मिळतो.

वाटा कोणत्या?

वनरक्षक पदासाठी बारावी लागते. विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय हवा. पुरुषांना ५ आणि महिलांना ३ किलोमीटर धावावे लागते, म्हणून मैदानाची सवय आतापासून. वनक्षेत्रपाल व्हायचे तर एमपीएससीची वनसेवा परीक्षा. भारतीय वनसेवेसाठी यूपीएससी आणि विज्ञान, कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीसारखी पदवी. वनशास्त्राचे पदवी शिक्षण अकोल्याच्या आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत मिळते. वन्यप्राण्यांच्या उपचारात रस असेल तर 'नीट' देऊन पशुवैद्यक. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याला जवळचे. संशोधनासाठी देहरादूनची वन्यजीव संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) इथले एमएस्सी अभ्यासक्रम नावाजलेले आहेत, पण जागा मोजक्या आणि स्पर्धा तीव्र. संगणकात गती असलेल्यांना उपग्रह नकाशे आणि ट्रॅप कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांचे विश्लेषण हे काम आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणमंचावरचे परिस्थितिकी आणि वन्यजीवांचे अभ्यासक्रम कॉलेजबरोबर मोफत करून पाहता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षा शुल्क भरावे लागते.

पालकांसाठी

सरकारी जागा दरवर्षी निघतीलच असे नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. म्हणून पदवी अशी घ्या की शिक्षण, शेती, नकाशाशास्त्र अशी दुसरी दारेही उघडी राहतील. 'हमखास नोकरी' सांगून हजारो रुपये मागणाऱ्या प्रमाणपत्रांपासून दूर राहा. मुलगी म्हणून तिला या क्षेत्रातून मागे ओढू नका. राज्यात महिला वनरक्षक गस्त घालतात, वाघांची मोजणी करतात.

मोबाइल हिसकावून घेण्याऐवजी दर रविवारी पंधरा मिनिटे तिच्याशेजारी बसा आणि विचारा, "या आठवड्यात काय नोंदवलंस?" वर्षाने वही कोरी राहिली, तर आवड छंदापुरती होती. तुमचे काहीच गेले नाही. वही भरली असेल, तर मुलीने आपली वाट निवडली आहे. तिच्या पाठीशी उभे राहा.