ध्रुवप्रदेशाचे पाहुणे

परळ-लालबागच्या पूर्वेस शिवडीची खाडी आहे. ओहोटीच्या वेळी तेथे दूरवर काळा चिखल उघडा पडतो. वाटसरूला त्यात पाहण्याजोगे काही दिसत नाही. परंतु हिवाळ्यात याच चिखलात करड्या रंगाचे लहान लहान पक्षी लगबगीने चोची खुपशीत असतात. त्यांतच बाकदार चोचीची तुतारी असते. तिचे वजन जेमतेम ६० ग्रॅम. पण तिचे माहेर सैबेरियाच्या उत्तर टोकास, ६,००० किलोमीटरांहून दूर आहे!

तो प्रदेश म्हणजे टुंड्रा. तेथे वृक्ष नाहीत. वर्षातील बराच काळ भूमी बर्फाखाली असते. जूनमध्ये बर्फ वितळते, सूर्य अहोरात्र आकाशात राहतो, शेवाळ व खुरटी झुडुपे हिरवी होतात आणि कीटकांचे थवे उठतात. या अल्पशा उन्हाळ्यात तुतारी जमिनीवरच घरटे करून बहुधा ४ अंडी घालते. पिले जन्मल्या दिवसापासून आपले भक्ष्य आपणच टिपतात. नर आधीच दक्षिणेची वाट धरतो, मादी मागाहून निघते. आणि पिले सर्वांच्या शेवटी, वाटाड्यावाचून, कधी न पाहिलेल्या किनाऱ्याकडे झेप घेतात.

गिरगाव चौपाटीच्या बाजूस दिसणारे तपकिरी डोक्याचे कुरवही असेच दूरचे. त्यांची वीण लडाख-तिबेटातील उंच सरोवरांकाठी होते. हिवाळ्यात मात्र त्यांचे डोके पांढरे दिसते.

हे प्रवास कसे कळले? बालपणी गिरगावातील खेतवाडीत वाढलेले डॉ. सालिम अली (१८९६-१९८७) आणि १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून त्यांना सोडून दिले. तोच पक्षी दूरदेशी पुन्हा सापडला की त्याचा मार्ग उलगडे.

वसंतात तुतारीचा करडा पिसारा विटकरी होऊ लागतो आणि अंगात चरबी साठते. ही चरबी म्हणजे तिची शिदोरी. ती मिळते चिखलातील कृमी-कीटकांपासून. आज उत्तरेस उष्मा वाढत आहे आणि दक्षिणेस अनेक ठिकाणी चिखलाचे किनारे बुजत आहेत. तुतारींची संख्या घटल्यामुळे २०२४ मध्ये जागतिक सूचीत त्यांची गणना ‘असुरक्षित’ वर्गात झाली. शिवडीचा चिखल गेला, तर टुंड्रातील काही घरटी रिकामी राहतील.

स्वाध्याय
१. पिलांच्या प्रवासात आश्चर्यकारक असे काय आहे?
२. चिखलाला तुतारीची शिदोरी का म्हणता येईल?